रोचेस्टरचा किल्ला : ग्वाल्हेरच्या माणसाने तिकीट काढून बघावा का?

ग्वाल्हेरच्या माणसाला परदेशात नेऊन किल्ला दाखवणं म्हणजे नागपूरकराच्या हातात संत्रं ठेवण्यासारखं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या गच्चीवर पापड वाळत घालताना नुसती मान वर केली की समोर किल्ला. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्यामुळे इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहणाऱ्या लेकीने जाहीर केलं, "आई, शनिवारी तुम्ही किल्ला बघून या," तेव्हा ह्यांनी मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं, "का? आपला चोरीला गेला?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघींनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. तिघींची मुलं तिकडे आहेत आणि उन्हाळ्यात जायचे बेत चाललेत. तिथे किल्ला म्हणून जे दाखवतात त्याला पैसे घालवावेत का? म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी सिंचन खात्यात ड्राफ्ट्समन होते. खात्याच्या कागदावर बाई असली तरी ड्राफ्ट्समनच. एकतीस वर्षं धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. तेव्हा हे परीक्षण दगड-चुन्याकडे झुकणार. झुंबरं बघायची हौस असेल तर आपला जयविलास राजवाडा आहेच.

रोचेस्टर हे मेडवे नदीच्या काठचं जुनं गाव. लंडनच्या सेंट पँक्रासहून वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत पोहोचवते. लेकीच्या गावाहून तर आम्हाला वीसच मिनिटं लागली. स्टेशनपासून किल्ला चालत दहा-बारा मिनिटं. रोमन काळापासून लंडनहून समुद्राकडे जाणारा रस्ता इथेच नदी ओलांडतो. पूल ज्याच्या हातात, त्याच्या हातात रस्ता, आणि किल्ला त्या पुलावर डोळा ठेवून बसलेला. चंबळेच्या उताराची भांडणं ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आवारात शिरायला पैसे पडत नाहीत. हिरवळ, मोठी झाडं, बाकडी. १८७० पासून ही गावाची बागच आहे. तिकीट लागतं ते मधल्या चौकोनी मनोऱ्यात जायला. इंग्रजीत त्याला कीप म्हणतात, आपण बालेकिल्ला म्हणू.

"एवढाच?" हे म्हणाले. "हा तर आपला एक बुरूज झाला."

तसं बघितलं तर खरंय. आपला किल्ला जवळजवळ तीन किलोमीटर लांब. इथे ७० फूट बाजूचा एक चौकोन, उंची ११३ फूट, कोपऱ्यांचे मनोरे धरले तर सव्वाशे. पण आपल्याला तीनशे फुटांचा डोंगर देवाने फुकट दिला होता. ह्यांना नदीकाठच्या सपाटीवर सगळी उंची चिरा-चिरा रचून वर न्यावी लागली. इंग्लंडमध्ये आज उभ्या असलेल्या नॉर्मन बालेकिल्ल्यांत हाच सगळ्यात उंच. तळाशी भिंत १२ फूट जाड आहे. आमचं स्वयंपाकघर अकरा फूट लांब. म्हणजे ओटा, फ्रिज आणि मी, सगळे त्या भिंतीच्या पोटात मावून वर फूटभर जागा उरेल.

नॉर्मन म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचे सरदार. १०६६ मध्ये त्यांच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. लोक मूठभर, भाषा परकी, देश बिथरलेला. मग जागोजागी मातीचे उंचवटे आणि लाकडी कुंपणं घालून ठाणी बसवली आणि सवडीने ती दगडात बांधली. रोचेस्टरची पहिली दगडी तटबंदी अकरावं शतक संपत आलं तेव्हा गंडल्फ नावाच्या बिशपने बांधली. लंडनच्या व्हाइट टॉवरच्या बांधकामावर देखरेखीला होता तो हाच. पुढे ११२७ मध्ये राजा पहिला हेन्री याने किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपकडे सोपवला, आणि विल्यम द कॉर्बे या आर्चबिशपने हा मनोरा उभा केला. धर्मगुरू आणि एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर एकाच झग्यात! नोकरीत मी भलेभले इंजिनिअर पाहिले. त्यांतला एकही असा नव्हता, की ज्याचं काम नऊशे वर्षं टिकेल आणि वर रविवारी तो प्रवचनही देईल.

आम्ही आधी हिरवळीवर सतरंजी टाकली. बारा वाजून गेले होते आणि ह्यांना वेळेवर जेवण लागतं. दशम्या, लसणाची चटणी, ग्वाल्हेरहून नेलेले बेसनाचे लाडू. नातू नऊ वर्षांचा. त्याचं मराठी इंग्रजी वळणाचं, आमचं हिंदी वळणाचं. पुण्याचे लोक दोन्हीला हसतात, आमचं एकमेकांत छान चालतं. तो लाडू खाता खाता मनोऱ्याकडे बघत होता.

"आजी, ह्याचे तीन कोपरे स्क्वेअर आहेत आणि एक राउंड आहे. चुकलं का त्यांचं?"

ह्या एका प्रश्नासाठी मी त्याला दुसरा लाडू दिला. कारण रोचेस्टरला जाऊन बघायचं ते हेच. वर न चढताही, तिकीट न काढताही दिसतं. आग्नेयेचा कोपरा गोल आहे, बाकी तीन चौकोनी. का, ते आदल्या रात्री मी वाचून ठेवलं होतं.

साल १२१५. जूनमध्ये सरदारांनी राजा जॉनकडून मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकाराला लगाम घालणाऱ्या कराराला मोहोर लावून घेतली आणि उन्हाळा सरायच्या आत करार मोडलासुद्धा. ऑक्टोबरमध्ये बंडखोरांनी रोचेस्टर बळकावलं. विल्यम द ऑबिनी त्यांचा म्होरक्या. राजा स्वतः चालून आला आणि वेढा पडला. पाच मोठी यंत्रं दगड फेकत होती. बारा फुटांच्या भिंतीला त्याने काय होणार? राजाने कँटरबरीला हुकूम सोडला, रात्रंदिवस खपून जमतील तितक्या कुदळी घडवा आणि पाठवा. भिंत फुटत नाही तर पायाखाली शिरायचं ठरलं.

सुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारू येते. तेव्हा तिकडे दारू नव्हती. कोपऱ्याच्या पायाखाली बोगदा खणत जायचं, आणि जसजसं खणाल तसतसे वरचं वजन पेलायला लाकडी टेकू लावत जायचं. सगळा कोपरा टेकूंवर आला की आत जाळ करायचा. टेकू जळले की वरचं बांधकाम आपल्याच वजनाने खाली. मुद्दा एवढाच, की जाड ओंडके अर्धवट जळून विझता कामा नयेत. जाळ सणसणीत हवा आणि टिकायला हवा. म्हणून २५ नोव्हेंबरला राजाने आपल्या मुख्य न्यायाधिकाऱ्याला लिहिलं, ४० डुकरं ताबडतोब पाठवा. सगळ्यात चरबीदार बघा, आणि खायला सगळ्यात कमी चांगली असतील ती.

"मी जेवतोय," हे म्हणाले.

मी मात्र त्या हुकुमावर खूश आहे. स्वारीवर बसलेला राजा, कोपरा पाडायची घाई, आणि तरी खरेदीच्या कागदात अट घातलीय की चांगलं डुकर वाया घालवू नका. आमच्या खात्यातल्या टेंडरांमध्ये इतकी नेमकी अट मी फार कमी वेळा वाचली.

कोपरा कोसळला. पुढच्या राजाच्या, तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो पुन्हा बांधला, तेव्हा गोल बांधला. चौकोनी कोपऱ्याचे दगड कुदळीने उचकटायला सोपे जातात, आणि फेकलेला धोंडा गोलाईवरून घसरतो. मधल्या शंभरेक वर्षांत गवंड्यांना हे कळून चुकलं होतं.

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिघरा." मी मान हलवली. ऑगस्ट १९१७ मध्ये आपलं तिघऱ्याचं धरण, नवंकोरं, पायाखाली पाणी शिरून फुटलं होतं. भिंत चांगली होती, पाय सरकला. आमच्या ऑफिसात नव्या मुलांना पहिल्या महिन्यातच हे सांगायचे. आज नळाला येणारं पाणी पुन्हा बांधलेल्या त्याच तिघऱ्याचं आहे.

जेवणं झाल्यावर तिकिटं काढली. आत शिरताना पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की जमिनीलगत दार नाही. बाहेरच्या पायऱ्या भिंतीला वळसा घालून वर जातात, मध्ये उचलत्या पुलाची जागा, मग एक छोटी पुढची इमारत आणि मग पहिल्या मजल्यावर खरं दार. आपल्याकडे किल्ल्याच्या चढावर एकामागून एक दरवाजे येतात आणि शेवटी हत्तीपोळ. इथे तोच सगळा चढ पन्नास पावलांत घडी घालून बसवलाय.

आत गेलो, वर बघितलं, तर आभाळ. छप्पर नाही, मजले नाहीत. चारही भिंती पूर्ण उंचीच्या, आणि मध्ये पोकळी.

"रिकामा डबा दाखवायला आणलंस होय?" हे म्हणाले.

आणि मी तिथे तोंड उघडं टाकून उभी. एकतीस वर्षं मी सेक्शन काढले. पपई उभी चिरली की बियांपासून सालापर्यंत सगळं दिसतं, तसा इमारतीचा उभा काप म्हणजे सेक्शन. कागदावर काढतो आपण तो, प्रत्यक्षात कुणी बघत नाही. इमारत चिरणार कोण? इथे मजल्यांचं लाकूड कालौघात गेलं आणि पूर्ण मापाचा सेक्शन उघडा पडला. भिंतीत ओळीने चौकोनी भोकं दिसतात, ती तुळया बसवायची. भोकांची एक ओळ म्हणजे एक मजला. शेकोट्या अधांतरी लटकलेल्या. त्यांचा धूर छपरापर्यंत न नेता तिथल्या तिथे भिंतीतून बाहेर काढलाय. एक दार उघडतं ते थेट हवेत. नातवाने विचारलं, इथून लोक पडायचे का? मी त्याला भोकांची ओळ दाखवली आणि बोटाने त्यावर जमीन आखून दिली. मग तो स्वतःच एकेक मजला घालत वर गेला.

सगळ्यात देखणा तो दिवाणखान्याचा मजला. दुप्पट उंचीचा, आणि वरच्या अर्ध्यात भिंतीच्या जाडीतून चारी बाजूंनी फिरणारा अरुंद सज्जा. मनोऱ्याचे उभे दोन भाग करणारी एक मधली भिंत आहे. या मजल्यावर ती भिंत न राहता खांब आणि गोल कमानींची ओळ होते. कमानींवर नक्षी आहे ती अगदी आपल्या करवतकाठी लुगड्याच्या काठाची. तसेच दाते, एकापुढे एक. नॉर्मन काम ओळखायचं ते गोल कमान आणि हे करवतीचे दाते बघून. आईचं एक लुगडं अजून माझ्याकडे आहे, काठ तंतोतंत तोच.

आता खरी गोष्ट. त्या मधल्या भिंतीजवळ जा आणि तिच्यात डोकावा. भिंतीच्या पोटातून एक गोल विवर सरळ वर गेलंय. ती विहीर आहे. तळाला पाणी, आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीत एक तोंड. ज्या मजल्यावर हवं तिथे उभं राहायचं, दोर सोडायचा, पोहरा ओढायचा. कळश्या घेऊन जिने चढायला नकोत.

"पाण्याची लिफ्ट!" नातू ओरडला. मी यापेक्षा चांगलं सांगू शकले नसते.

आणि आता हिरवळीवरची गोष्ट इथे पुरी होते. कोपरा पडला तरी किल्ला लगेच पडला नाही. शिबंदी मागे सरकली ती ह्याच मधल्या भिंतीच्या आड. अर्धा मनोरा शत्रूचा, अर्धा त्यांचा, आणि विहीर त्या दोन अर्ध्यांच्या मधल्या भिंतीत. धान्य संपलं तेव्हा त्यांनी घोडे खाल्ले. ३० नोव्हेंबरला उपासमारीने शरण आले, सात आठवड्यांनी. राजा सगळ्यांना फासावर द्यायला निघाला होता. त्याच्याच एका सरदाराने समजावलं, की उद्या आपले लोक त्यांच्या हाती लागतील तेव्हा ते हेच करतील. फाशी गेला तो एकच तिरंदाज, लहानपणापासून राजाच्या घरी वाढलेला. हे मी नातवाला सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं. ते त्या विवराकडे बघत म्हणाले, "घरच्याचाच राग जास्त येतो."

आपल्या किल्ल्याखाली बोगदा खणायची सोय नव्हती, सगळा खडक. दिल्लीचा सुलतान अल्तमश १२३२ मध्ये अकरा महिने वेढा घालून बसला तेव्हा किल्ला हाती आला. १७८० च्या ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉफमच्या शिपायांनी रात्री शिड्या लावल्या, पायांत लोकरीचे कापूस भरलेले जोडे, आवाज होऊ नये म्हणून. तेव्हा किल्ला शिंद्यांकडे होता, म्हणजे ही गोष्ट आपल्या घरचीच. पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे वर सूरजकुंड, जौहरकुंड, अस्सी खंबा बावडी, तलावांची श्रीमंती. त्यांनी सगळा जीव एका विवरात ठेवला. रोचेस्टर पाहून आल्यावर मी पहिल्यांदा उरवाईच्या बाजूने वर गेले ती बावडीच बघायला. त्याआधी कितीदा गेले असेन, पण मान मंदिराच्या भिंतीवरच्या पिवळ्या बदकांचे फोटो काढून परत.

आता जिना. कोपऱ्यातला चक्री जिना, दगडी, अरुंद, पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झालेल्या. समोरून कुणी आलं की कुणीतरी भिंतीला चिकटायचं. लिफ्ट अर्थातच नाही, फक्त पाण्याची होती. गुडघ्यांची तक्रार असेल तर पहिल्या मजल्यावरून वर बघून समाधान मानावं, आणि त्यात कमीपणा नाही. सेक्शन खालूनच सगळ्यात चांगला दिसतो. हे पहिल्या मजल्यावरच थांबणार होते. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर फोर्टच्या गावचे ना?" मग चढले. दर वळणावर थांबून खिडकीतून नदी बघितल्यासारखं करत होते. मीही तेच करत होते.

कबुतरं भरपूर आहेत. वाऱ्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगते: वरच्या फांजीवर चर्यांच्या मागे उभं राहिलं की ऑक्टोबरमधला वारा कानात सुई घालतो. साडी नेसून जाऊ नका. मी गेले होते. पदर एका हाताने, कठडा दुसऱ्या हाताने आणि नातू नजरेने धरून ठेवावा लागला. पण वरून मेडवेचं वळण, पूल आणि पायाशी कॅथीड्रल, इतकं स्पष्ट दिसतं की किल्ला इथेच का, हा प्रश्न परत पडत नाही.

तुलना करायची तर आदल्या आठवड्यात डोव्हरला गेलो होतो. तो बालेकिल्ला दुसऱ्या हेन्रीचा, ११८० च्या दशकातला, भिंती काही ठिकाणी २१ फुटांपर्यंत जाड, छप्पर-मजले सगळं शाबूत. आत राजाचा पलंग, रंगवलेल्या खुर्च्या, झगझगीत पडदे मांडलेत. नातवाला तो जास्त आवडला, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. लहान मुलं सोबत असतील आणि एकच किल्ला बघायचा असेल तर तिकडे जा. लंडनच्या टॉवरबद्दल मी बोलू नये, कारण गेल्या खेपेला एका टूरवाल्याने तो आम्हाला पाऊण तासात उरकवला. सरकत्या पट्ट्यावरून कोहिनूरसमोरून सरकलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. व्हाइट टॉवर बाहेरून पांढरा आहे इतकं लक्षात राहिलं.

माझे रोचेस्टरला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण जिन्याने खाल्ला. ह्यांचे तीन, त्यातला एक मधल्या भिंतीतल्या विहिरीचा. सपाट तळाचे जोडे, कानटोपी आणि सोबत खायला काहीतरी असू द्या. हिरवळीवर डबा उघडायला कुणी आडकाठी करत नाही. निदान दोन-अडीच तास हाताशी ठेवा. आणि आत जायच्या आधी मनोऱ्याला बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा, म्हणजे गोल कोपरा चुकणार नाही.

घरी आल्यावर नातवाच्या शाळेच्या आलेख-कागदावर मी सेक्शन काढला. एक चौकोन म्हणजे दोन फूट, हात अजून चालतो. तुळयांच्या भोकांवर त्याने पट्टीने मजले घातले, विहीर निळी केली आणि कोपऱ्याखाली बोगद्यात डुकरं काढली. मोजून चाळीस. शेवटची सहा जागा नसल्याने एकमेकांच्या अंगावर आहेत. तो कागद मी लॅमिनेट करून ग्वाल्हेरला आणलाय. जायच्या आधी ज्यांना बघायचा असेल त्यांनी घरी यावं, पण डुकरांना हसायचं नाही.